ओसाड नगरी आणि वनश्री : जुन्या गोव्याचा एक अभ्यास



आपल्या शाळेच्या मागील अंगणात जी विहीर आहे, तिच्या कठड्यात गेल्या श्रावणात पिंपळाचे एक रोप उगवले. दोन चिऱ्यांच्या सांध्यातून वर आलेली त्याची चार कोवळी, तांबूस पाने पाहून नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, येथे तर चिमूटभर माती नाही, मग हे झाड जगते तरी कशावर?" इतक्यात शाळेचे शिपाईकाका कोयता घेऊन तेथे आले, रोपापाशी क्षणभर थबकले आणि तसेच परत गेले. पिंपळावर शस्त्र चालविण्यास त्यांचे मन होईना.

प्रश्न लहान होता. परंतु त्याचे उत्तर शोधू लागल्यावर आम्हांस एका सबंध नगरीचा इतिहास चाळावा लागला. कार्तिकात पाऊस सरल्यावर आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांसह जुन्या गोव्यास जाऊन आलो. देवालयांचे वैभव पाहणे हा त्या सहलीचा हेतू नव्हता. माणसे निघून गेल्यावर नगरीचे काय होते, ती कोणत्या क्रमाने मोडते आणि तिच्या जागी काय उगवते, हे पाहावयाचे होते. त्या अभ्यासाचे सार येथे मांडण्याचे योजिले आहे.

नगरी भरभराटीस होती तेव्हा

आज जेथे आपण जुने गोवे म्हणतो, तेथे पूर्वी एला नावाचे गाव होते. त्याआधीची राजधानी गोपकपट्टण ही जुवारी नदीच्या काठी होती. कदंब राजांच्या काळी नावाजलेले ते बंदर पुढे परचक्रांनी आणि गाळाने निकामी झाले व वस्ती मांडवीकाठी एला येथे सरकली. म्हणजे ज्या नगरीच्या नाशाची कथा आम्ही सांगणार आहोत, तीच मुळी दुसऱ्या एका ओसाड नगरीची वारस होती, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

विजापूरच्या आदिलशाहीत एला हे गजबजलेले बंदर होते. १५१० च्या नोव्हेंबरात आल्बुकर्क याने ते जिंकले आणि १५३० मध्ये पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडील राज्याची राजधानी कोचीनहून येथे आणली. पुढील शंभर वर्षांत नगरीचा विस्तार झपाट्याने झाला. नदीच्या धक्क्यापासून व्हाइसरॉयच्या कमानीतून निघणारा 'रुआ दिरैता', म्हणजे सरळ रस्ता, हा तिचा मुख्य बाजार होता. १५८३ ते १५८८ या काळात येथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने आणि पुढे १६०८ च्या सुमारास आलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने त्या बाजाराची आणि नगरीच्या वैभवाची वर्णने लिहून ठेविली आहेत. १५५६ मध्ये हिंदुस्थानातील पहिला छापखाना येथेच, संत पावलाच्या विद्यालयात सुरू झाला. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील ग्रंथ येथेच छापला गेला. नगरीची लोकसंख्या ऐन भरात दोन लाखांच्या घरात होती, असे अंदाज वाचावयास मिळतात. तो आकडा बराच खाली आणला, तरीही हे एक महानगर होते यात संशय राहत नाही.

आज त्या सरळ रस्त्याच्या दोहों बाजूंस एकही दुकान उभे नाही. कमानीतून आत आल्यावर प्रथम दिसतात त्या माडांच्या रांगा आणि हिरवळ.

माणसे का गेली?

अरण्याने नगरी जिंकली असे आपण सहज बोलून जातो. पण येथे क्रम उलटा आहे. अरण्य आले म्हणून माणसे गेली नाहीत. माणसे गेली, म्हणून अरण्य आले.

माणसे जाण्याची कारणे अनेक होती. सतराव्या शतकात डचांनी पोर्तुगीजांच्या समुद्रावरील व्यापाराचा कणाच मोडला. त्यांची आरमारे मांडवीचे मुख अडवून बसू लागली. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी नगरीच्या समोरचेच जुवे बेट घेतले, तेव्हा ही राजधानी किती उघड्यावर आहे हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले आणि ती मुरगावास हलविण्याचा बेत सुरू झाला. तो बेत तडीस गेला नाही. परंतु शहराविषयीचा विश्वास डळमळला, तो कायमचा.

तथापि सर्वांत मोठे कारण होते ते रोगराईचे. १५४३ मध्येच येथे पटकीची भयंकर साथ येऊन गेली होती. पुढे अशा साथी आणि हिवताप हे नगरीचे नित्याचे सोबती झाले. याचे मूळ शोधावयाचे तर पायाखालचा दगड पाहावा. आपला जांभा दगड सच्छिद्र असतो. दाट वस्तीतील शौचकूपांचे पाणी अशा दगडातून झिरपत शेजारच्या विहिरीत उतरते. वर चिरेबंदी वाडे आणि खाली विषारी विहिरी, अशी त्या वैभवाची स्थिती होती. त्या काळी ताप दूषित हवेने येतो असे समजत. डासांमार्फत हिवताप पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस याने सिकंदराबाद येथे मिळविला तो १८९७ मध्ये. तोवर ही नगरी ओस पडून गेली होती.

येथे एक दुष्टचक्र सुरू झाले. काही घरे रिकामी झाली. रिकाम्या घरांच्या विहिरी व हौद कोणी उपसेना, गटारे कोणी साफ करीना. साचलेल्या पाण्यात डास माजले, ताप वाढला आणि त्यामुळे आणखी घरे रिकामी झाली. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये आपले राहणे पणेली येथे नेले आणि १७५९ मध्ये पणजीस. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनच्या आज्ञेने जुनी नगरी पुन्हा वसविण्याचा प्रयत्न झाला, पण कामावरचे मजूरच तापाने मरू लागले व तो सोडून द्यावा लागला. १८३५ मध्ये धर्मसंघांचे मठ बंद करण्यात आले, तेव्हा उरलीसुरली माणसेही गेली. १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली, ती केवळ घडून गेलेल्या गोष्टीवर उठविलेली मोहोर होती.

छप्पर, भिंत आणि भूमी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणूस निघून गेल्यावर घर कोणत्या क्रमाने मोडते?

पहिली पायरी छपराची. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, हे तुम्ही दरवर्षी पाहता. फुटके कौल बदलावयाचे, सरकलेले सारखे करावयाचे, कुजका वासा काढावयाचा. हे काम चुकले की काय होते? एक कौल सरकते. त्या फटीतून पाण्याची धार वाशावर पडते. ओल्या लाकडास बुरशी धरते आणि बुरशीने मऊ झालेल्या लाकडास वाळवी लागते. वासा वाकतो, त्याबरोबर आणखी दहा कौले घसरतात. गोव्यात वर्षास सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग चारच महिन्यांत कोसळतो. असे थोडेच पावसाळे छपरास पुरे होतात.

दगडी कमानीचे छत असेल तर ते अधिक टिकते; पण अमर तेही नसते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे मोन्ते सांतो टेकडीवरील संत ऑगस्टीनचे देवालय. ते १६०२ मध्ये बांधून पुरे झाले. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, तेव्हा त्याचे वय २३३ वर्षांचे होते. १८४२ मध्ये त्याचे भव्य छत कोसळले. हिशेब करून पाहा : जे छत दोनशेहून अधिक पावसाळे तगले, ते माणसे गेल्यावर सातच पावसाळ्यांत खाली आले. छत त्यापूर्वीच दुबळे झाले असेल, असे कोणी म्हणेल. असेलही. पण दुबळ्या छतावरील रोपटे उपटणारा आणि भेगेत चुना भरणारा हात तोवर हजर होता. १८३५ नंतर तो नव्हता.

दुसरी पायरी भिंतीची. जांभ्याचा चिरा खाणीतून काढतेवेळी मऊ असतो, म्हणून तो कुऱ्हाडीसारख्या हत्यारानेही तासता येतो. हवा लागल्यावर तो कठीण होतो. पण त्याची छिद्रे काही बुजत नाहीत. म्हणून जुने कारागीर त्यावर चुन्याचा गिलावा देत आणि ठरावीक काळाने तो नवा करीत. गिलावा म्हणजे भिंतीचे कातडे होय. पावसाच्या पाण्यात हवेतील कर्बवायू मिसळलेला असतो; त्या किंचित आम्ल पाण्यात चुना हळूहळू विरघळतो. गिलावा सुटला की पाऊस थेट चिऱ्यात शिरतो.

मग पाहुणे येऊ लागतात. त्यांचाही एक क्रम आहे. प्रथम भिंतीवर काळसर हिरवी बुरसट छटा येते. ते सूक्ष्म शैवाल. त्यामागून येते दगडफूल. ते दगडास चिकटून राहते आणि आपल्या अंगच्या आम्ल रसाने त्याचा पृष्ठभाग सैल करते. त्या खडबडीत जागी धूळ अडकते व शेवाळाची गादी तयार होते. या गादीत ओल टिकते, म्हणून नेचे रुजतात. मेलेल्या नेच्यांची व शेवाळाची माती होते, तीत गवत, तेरडा, टाकळा उगवतात. भिंतीच्या माथ्यावर बोटभर मातीचा थर जमण्यास कोणी फावडे चालवावे लागत नाही.

आणि मग येतो तो आपल्या विहिरीवरचा पाहुणा. पिंपळ, वड, उंबर ही एकाच कुळातील झाडे. त्यांची फळे पक्षी व वटवाघळे आवडीने खातात. फळातील बी मोहरीपेक्षाही बारीक असते. ते पक्ष्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडते आणि विष्ठेबरोबर भिंतीच्या सांध्यात चिकटते. त्यास फार माती लागत नाही. ओल आणि थोडा चुना-मातीचा भुगा पुरतो. रोपाचे मूळ केसासारखे असते, म्हणून ते जेथे सुई जाणार नाही तेथे जाते. वर पाने चार दिसत असली तरी खाली मूळ हातभर गेलेले असते. ते पाण्याच्या शोधात सांध्यासांध्यांतून खाली उतरते, एके दिवशी जमिनीस टेकते आणि त्या दिवसापासून ते जाड होऊ लागते. केस होता त्याची दोरी होते, दोरीचा दोरखंड, दोरखंडाची मांडी. चिरे बाजूस सरकतात. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच : ते झाड कठड्यावर जगत नव्हते, कठड्याच्या आत जगत होते.

तिसरी पायरी भूमीची. पडलेल्या छपरावर पाने पडतात, कुजतात, त्यांची माती होते. गांडुळे खालची माती पोटातून काढून वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू खाली जातात. चार्ल्स डार्विन याने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ मध्ये, गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असे त्याने दाखविले आणि रोमन लोकांच्या घरांच्या फरशा जमिनीखाली कशा गेल्या याचाही उलगडा केला. नगरी पडते ती गडगडाटाने. पण पुरली जाते ती अशी निःशब्दपणे.

संत ऑगस्टीनच्या देवालयाचे पुढील दर्शन १९३१ मध्ये ढासळले. आज तेथे सुमारे ४६ मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. त्यातील मोठी घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहावर आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. नगरी मातीत गेली, तिचा आवाज अजून ऐकू येतो.

हिरवे ते सर्व रान नव्हे

सहलीत एका विद्यार्थ्याने मार्मिक शंका काढली. "सर, हे माड तर रांगेत आहेत. निसर्ग रांगेत झाडे लावतो काय?" ही शंका आम्हांस फार मोलाची वाटली, कारण अशा विषयावर लिहिताना सर्व श्रेय निसर्गास देण्याचा मोह होतो.

जुन्या गोव्याचा ऱ्हास तिघांनी मिळून केला. एक वर सांगितलेला निसर्ग. दुसरे दगड नेणारे. पणजी वसत होती तेव्हा जुन्या नगरीतील पडक्या इमारतींचे तयार चिरे, खांब, चौकटी तिकडे वाहून नेण्यात आल्या. मुद्दाम पाडलेल्या इमारतीही थोड्या नाहीत. ज्या विद्यालयात पहिला छापखाना चालला, त्याच्या दर्शनी भागाची कमान तेवढी उरली आहे. तिसरे शेतकरी. वाड्यांच्या जोत्यांवर माडांची भाटे उभी राहिली, ती माणसांनी लावली म्हणून. ओसाड नगरी म्हणजे निर्मनुष्य नगरी असे नसते. तेथील राजे जातात, पण माड चढणारे येतात.

दुसरी एक गोष्ट अशी, की परत आलेले रान हे पूर्वीचे रान नव्हे. आज पडक्या भिंतींवर माजलेली घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही मूळच्या अमेरिकेतील वनस्पती. आपल्या टेकड्यांवरील काजू पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. राज्य गेले, वाडे गेले, पण त्यांनी आणलेले झाड आपल्या डोंगरांचे रहिवासी होऊन बसले. निसर्ग आपले हरवलेले परत घेतो असे म्हणतात. खरे पाहता तो जे हाती सापडेल त्यातून नवे काही तरी मांडतो.

सर्व नगरी सारख्या मोडत नाहीत

ज्या दगडाची नगरी आणि ज्या हवेत ती वसलेली, त्यांवर तिच्या मोडण्याचा वेग अवलंबून असतो. विजयनगर १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झाले. परंतु हंपीचा दगड कठीण ग्रॅनाइट आणि तेथील पाऊस अगदी कमी, म्हणून तेथील मंदिरांचे खांब आजही ताठ उभे आहेत. लाकडी व विटांच्या वास्तू मात्र तेथेही गेल्या. राजवाड्यांची उरली ती केवळ दगडी जोती.

कंबोडियातील अंगकोर येथे उलट स्थिती आहे. पाऊस भरपूर, अरण्य घनदाट. तेथील ता प्रोम या मंदिरावर प्रचंड वृक्ष चढून बसले आहेत व त्यांची मुळे भिंतींवरून अजगरासारखी उतरली आहेत. ते मंदिर बरेचसे सापडले त्या स्थितीत ठेवण्याचा निर्णय फ्रेंच संशोधकांनी घेतला, म्हणजे पाहणारास अरण्याचे काम डोळ्यांनी दिसावे. त्याच मंदिराच्या जतनात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तज्ज्ञही सहभागी झाले आहेत.

आणि अगदी आपल्या काळातील उदाहरण घ्यावयाचे तर युक्रेनमधील प्रिप्यात हे नगर. ते १९७० मध्ये वसविले गेले. २६ एप्रिल १९८६ रोजी शेजारच्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांच्या रांगा लावून सुमारे ४९,००० रहिवाशांस काही तासांत बाहेर काढण्यात आले. थोड्या दिवसांत परत येऊ अशा समजुतीने लोक घरातील वस्तू तशाच टाकून गेले. ते परतले नाहीत. तेथील काँक्रीटच्या इमारतींच्या सपाट गच्च्यांवर पाणी साचले, थंडीत त्याचे बर्फ होऊन भेगा रुंदावल्या, त्या भेगांत भूर्जवृक्ष रुजले. खेळाच्या मैदानावर आज झाडी आहे. त्या प्रदेशात लांडगे व रानडुकरे वावरतात आणि १९९८ मध्ये सोडलेल्या प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांची पैदास झाली आहे. यावरून किरणोत्सर्ग निरुपद्रवी असतो असे कोणी समजू नये. तेथे वन्यजीव दिसतात, त्याचे मुख्य कारण इतकेच की माणसाचा वावर राहिला नाही. जुन्या गोव्यास ओस पडावयास दीड शतक लागले, प्रिप्यातला एक दुपार पुरली. पुढचा क्रम मात्र दोहोंकडे एकच : प्रथम छप्पर, मग भेग, मग बीज.

तोडावे की राखावे?

मुळाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांस पेचात टाकते. जे मूळ भिंत फोडते, तेच पुढे तिला मिठी मारून उभीही ठेवते. लहान रोप उपटणे सोपे असते. मोठे झाड तोडले तर त्याची मुळे कुजतात, त्या जागी पोकळी राहते आणि त्यांच्या आधाराने राहिलेली भिंत एकाएकी खाली येते. म्हणून जतनाचे काम करणारे वेळेवर फार भर देतात. पहिल्या वर्षी जे काम दोन बोटांनी होते, त्यास विसाव्या वर्षी पहाड बांधावा लागतो व शंभराव्या वर्षी कोणताच उपाय निर्दोष राहत नाही.

शिवाय मातीच्या पोटात काय राहिले आहे, हेही सांगता येत नाही. संत ऑगस्टीनच्या अवशेषांत १९८९ पासून उत्खनन झाले. गाडलेल्या फरशा, कबरींचे शिलालेख, रंगीत चिनीमातीच्या फरश्या उजेडात आल्या. जॉर्जिया देशाची राणी केटेवान ही १६२४ मध्ये इराणात मारली गेली होती. तिचे अवशेष ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी गोव्यात आणल्याची नोंद जुन्या कागदांत होती. उत्खननात सापडलेल्या अस्थींची हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात परीक्षा झाली व त्या त्याच राणीच्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियास अर्पण केल्या. ज्या ढिगाऱ्याने देवालय गाडले, त्यानेच या अस्थी जपून ठेवल्या, हेही विसरता येत नाही.

बों जेझूचे देवालय पाहताना आम्ही विद्यार्थ्यांस त्याच्या भिंतींकडे मुद्दाम पाहावयास सांगितले. तेथे तांबडा जांभा उघडा दिसतो व तो सर्वांस रम्य वाटतो. वस्तुतः त्यावरही पूर्वी पांढरा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात तो काढण्यात आला. दगडाचे सौंदर्य दिसू लागले, पण पावसास वाटही मिळाली. तो पुन्हा लावावा की कसे, याविषयी अलीकडे बरीच चर्चा झाली आहे. म्हणजे ज्या वास्तूत माणसे रोज येतात तिलाही केवळ येण्याजाण्याने आयुष्य मिळत नाही. कोणी तरी शिडी लावून वर चढावे लागते.

आपल्या दारापर्यंत

परतल्यावर विद्यार्थ्यांनी आपापल्या वाड्यावरील बंद घरांची पाहणी केली. एकही वाडा असा निघाला नाही, की जेथे बंद घर नव्हते. कोणाचे धनी मुंबईस, कोणाचे आखातात, कोणाचे विलायतेस. काही घरांच्या वाटण्या झालेल्या नाहीत. सर्वांचे घर, म्हणून शाकारावे कोणी हे ठरत नाही. ज्या विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने वहीत आपल्याच आजोबांच्या घराची नोंद केली होती : "चार पावसाळे शाकारणी नाही. मागील पडवीचे छप्पर बसले आहे. माजघराच्या भिंतीवर शेवाळ आहे, नेचे आहेत. पिंपळ अद्याप नाही." या शेवटच्या तीन शब्दांवर आम्ही बराच वेळ थांबलो. हा लेख लिहीपर्यंत तिच्या वडिलांनी मुंबईच्या काकांस पत्र पाठविले आहे आणि येत्या वैशाखात दोघे मिळून निदान छप्पर तरी सारखे करावयाचे ठरत आहे, असे कळते.

साऱ्या जुन्या घरांस वाचविता येईल असे आम्ही म्हणत नाही. नगऱ्या वसतात व मोडतात. गोपकपट्टण गेले म्हणून एला वाढले, एला गेले म्हणून पणजी उभी राहिली. पण काय जाऊ द्यावयाचे आणि काय राखावयाचे, हे माणसाने ठरवावे. ते सरकलेल्या एका कौलाने ठरवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता विहिरीवरील पिंपळाचे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. शिपाईकाकांनी कोयता आणला नाही. त्यांनी दोन दिवस कठड्यावर ओले गोणपाट ठेवून सांधा भिजविला, खिळ्याने चुना मोकळा केला आणि रोप मुळांसकट अलगद ओढून काढले. वर चार पाने होती. मूळ मोजले तेव्हा ते दोन वितींहून लांब भरले. ते रोप क्रीडांगणाच्या कोपऱ्यात, कोणत्याही भिंतीपासून दूर लाविले आहे आणि विहिरीचा सांधा चुन्याने भरून घेतला आहे. नववीचे विद्यार्थी पाळीपाळीने त्यास पाणी घालतात. पुढील वर्षी जे नववीत येतील, त्यांनी दोन कामे करावीत : पिंपळाची उंची मोजावी, आणि पावसाळा सरताच विहिरीच्या कठड्याभोवती एक फेरी मारावी.